यंत्राला हवी स्वतंत्र वाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



खडकवासला म्हटलं की पुण्याच्या माणसाला रविवार आठवतो. धरणाची चौपाटी, भाजलेलं कणीस, कांदाभजी आणि परतताना सिंहगड रस्त्यावरची वाहनांची रांग. त्या रांगेत अडकला असताना आतल्या गल्ल्यांकडे जरा कान दिलात, तर आणखीही काही ऐकू येईल. किरकटवाडी, नांदेड फाटा, धायरी या पट्ट्यात पत्र्याच्या शेडमधून लेथ फिरत असतात, वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात. कुणी शेतकऱ्यांच्या पंपांचे शाफ्ट दुरुस्त करून देतो, कुणी गेट आणि जाळ्या बनवतो. मी या शेडना वीज जोडून देणारा माणूस. १९८४ साली औंधच्या आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड पुरा केला आणि तेव्हापासून हातातली पकड सुटलेली नाही.

त्या वेळी आमचं खडकवासला ग्रामपंचायतीचं गाव होतं. २०२१ साली ते पुणे महापालिकेत आलं. गाव शहरात गेलं, पण आमची एक सवय काही गेली नाही. घरामागे चार पत्रे टाकायचे, जुनं मशीन आणायचं आणि घरातूनच एक वायर ओढून ते सुरू करायचं. आज मी त्या एका वायरीबद्दल बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. आमच्या आळीतला एक मुलगा, पोरगा हुशार, चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम केलेला, त्यानं स्वतःचा जुना लेथ घेतला. मुळात त्या लेथला तीन हॉर्सपॉवरची थ्री फेजची मोटर होती. विकणाऱ्यानं ती काढून दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेजची मोटर बसवून दिली आणि सांगितलं, ‘घरच्या लाइनवर आरामात चालेल.’ मुलानं स्वयंपाकघराच्या बोर्डापासून पडवीतून शेडपर्यंत वायर नेली आणि नारळ फोडला.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींची, म्हणजे त्याच्या आईची, तक्रार सुरू झाली. ‘भाऊजी, तो तिकडं मशीन लावतो आणि इकडं माझा दिवा मान टाकतो. मिक्सर मधेच रडायला लागतो.’ त्यातच बोर्डातला १० अँपिअरचा एमसीबी दिवसातून पाच-सहा वेळा पडायचा. शेवटी तो मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, ‘काका, तेवढा बत्तीसचा एमसीबी टाकून द्या. दहा मिनिटांचं काम आहे.’

काम खरंच दहा मिनिटांचं होतं. मी नाही म्हणालो. का नाही म्हणालो, ते आधी सांगतो.

आपल्या धरणावरून निघणारा उजवा मुठा कालवा हवेली, दौंड करत इंदापूरपर्यंत जातो. वरच्या अंगाच्या लोकांनी एकाच वेळी पाणी ओढलं, तर टेलच्या शेतकऱ्यापर्यंत काय पोहोचतं, हे या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. वायरीचंही तसंच आहे. बारीक पाटातून मोठ्या शेताला पाणी द्यायला गेलं, की वाटेतल्या सगळ्यांचं पाणी तुटतं आणि पाटही फुटतो.

आणि मशीन सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओढतं. थांबलेली मोटर ही चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखी असते. गाडी एकदा चालू लागली की बैल सहज ओढतात, पण पहिल्या हिसक्याला सगळा जोर लागतो. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या चौपट ते सातपट प्रवाह घेते. या मुलाच्या मोटरला चालताना दहा-बारा अँपिअर लागत होते. म्हणजे सुरू होताना चाळीस तरी धरा.

आता हिशोब बघा. बोर्डापासून शेड चाळीस मीटर. जायची चाळीस आणि परतीची चाळीस मिळून ऐंशी मीटर तार. घरात दिव्यांसाठी वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर होती. एवढ्या लांबीला तिचा अडथळा जवळजवळ एक ओहम. शाळेत शिकलेला ओहमचा नियम लावला, तर चाळीस अँपिअरला चाळीस व्होल्ट त्या वायरीतच खर्ची पडतात. वहिनींचा दिवा मान टाकायचा तो यामुळे, कारण स्वयंपाकघर त्याच वायरीवर वाटेत होतं.

वायर तापते तो हिशोब आणखी वाईट. दहा अँपिअरला त्या वायरीत शंभर वॅट उष्णता होते. प्रवाह चौपट झाला की उष्णता चौपट होत नाही, सोळापट होते. म्हणजे सोळाशे वॅट. एवढ्या वॅटवर आपण आंघोळीचं पाणी तापवतो. एक-दोन सेकंदांपुरतं असलं तरी दिवसातून चाळीस वेळा, आणि तेही भिंतीतल्या पाइपात कोंडलेलं.

मोटरचंही भलं होत नाही. व्होल्टेज दहा टक्के घटलं की मोटरचा सुरुवातीचा जोर जवळपास वीस टक्के घटतो. मग ती सुरू व्हायला जास्त वेळ घेते, तेवढा वेळ जास्त प्रवाह ओढत राहते आणि आतून भाजत जाते. मोटर जळली की आपण रिवाइंडिंगवाल्याकडे जातो. वायरीकडे बघत नाही.

एमसीबी पडत होता तो यासाठी. तो बिचारा सांगत होता की या वायरीला हे झेपत नाही. त्याच्या जागी बत्तीसचा टाकणं म्हणजे ओरडणाऱ्या राखणदाराला काढून बहिऱ्याला नेमणं. त्या वायरीला झेपतं त्याच्या दुपटीहून जास्त प्रवाह त्यानं निमूट जाऊ दिला असता.

श्रोतेहो, हे मी इतक्या ठामपणे सांगतो, त्याला कारण आहे. १९९१ च्या पावसाळ्यात मी हेच केलं होतं. एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये फ्यूज वारंवार उडत होता. मालकाला गेटची ऑर्डर पुरी करायची होती. तो म्हणाला, ‘उडणारच नाही असं काहीतरी करून द्या.’ मी किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याची जाड तार दोन पदरी पिळून घातली. फ्यूज उडायचा थांबला. मालक खूश, मीही खूश. तिसऱ्या दिवशी रात्री दहापर्यंत काम चाललं. जुन्या लाकडी पट्टीतली वायर आतल्या आत भाजत गेली, आणि मध्यरात्रीनंतर पट्टीनं पेट घेतला. शेडमध्ये झोपलेला रखवालदार उठला आणि त्यानं पेटत्या बोर्डावरचा मेन स्विच हातानं खाली ओढला. तो वाचला, शेडही अर्धी वाचली. हात पुढे बरा झाला, पण त्याची उजवी मूठ पुन्हा पुरती मिटली नाही.

सगळे म्हणाले, शॉर्ट सर्किटनं आग लागली. मला कुणी बोल लावला नाही. शॉर्ट सर्किट म्हटलं, की ते पावसासारखं वरून पडतं असं आपण धरून चालतो. त्या शेडमध्ये ते मी माझ्या पकडीनं पिळून ठेवलं होतं. हे मी मालकाला सांगितलं नाही. रखवालदाराला सांगितलं, पण वर्षभरानं. तो एवढंच म्हणाला, ‘तुम्हाला माहीत होतं ना?’ हो, मला माहीत होतं.

म्हणून त्या मुलाला मी म्हणालो, ‘अरे, एमसीबी बदलायचा नाही. वाट बदलायची. मशीनला स्वतंत्र लाइन टाकू.’ त्याला ते पटलं नाही. हातात काम होतं, पैसे लेथमध्ये अडकले होते. ‘दुसरा वायरमन टाकून देईल,’ असं म्हणून तो गेला. तो टाकलाही असता, पण वहिनींनी त्याच संध्याकाळी बोर्डाच्या पाटीवर हात ठेवला आणि ती त्यांना तव्यासारखी लागली. त्यांनी मेन बंद केला आणि मुलाला पुन्हा माझ्याकडे धाडलं.

आता स्वतंत्र लाइन म्हणजे काय? फक्त जाड वायर नव्हे.

पहिली गोष्ट कागदाची. घराच्या मीटरवर धंद्याचं मशीन चालवणं हा २००३ च्या वीज कायद्यातल्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरू शकतो आणि ठरला तर त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. म्हणून महावितरणकडे थ्री फेजच्या औद्योगिक जोडणीचा अर्ज केला. अर्जाआधी प्रत्येक मशीनवरची पाटी वाचून भाराची यादी केली. तीन हॉर्सपॉवरचा लेथ, पुढे घ्यायचा पाच हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर, एक ग्राइंडर, दिवे, पंखे. आज काय आहे एवढंच लिहायचं नसतं, दोन वर्षांनी काय येणार तेही धरायचं असतं. मीटर येईपर्यंत काही आठवडे गेले. तेवढे दिवस मुलानं मित्राच्या शेडमध्ये रात्रपाळीला कामं उरकली. लेथची मूळची मोटर शोधून परत बसवली. थ्री फेजवर भार तीन तारांत वाटला जातो. तीन हॉर्सपॉवरची मोटर प्रत्येक तारेतून साडेचार-पाच अँपिअरच घेते. दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेजची मोटर बारा घेत होती, हे लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट वाटेची. आमच्या लहानपणी गावच्या गिरणीत एकच ऑइल इंजिन असायचं, छतालगत एक लांब दांडा फिरायचा आणि त्यावरून पट्टे उतरून प्रत्येक जातं फिरायचं. जुन्या कारखान्यांतही असंच होतं. १९१५ साली खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली, पुढे मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याला उतरवून आणखी वीज आली. वाफेची जागा विजेनं घेतली आणि हळूहळू सामाईक दांडा जाऊन प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आली. पट्टा तुटला तर एक जातं थांबायचं, दांडा मोडला की सगळी गिरणी बंद. आपण मोटरी वेगळ्या केल्या, पण वायर मात्र त्या दांड्यासारखी सामाईकच ठेवली.

म्हणून शेडमध्ये वेगळा बोर्ड बसवला. तिथून लेथला एक वाट, कॉम्प्रेसरला दुसरी, ग्राइंडरला तिसरी. प्रत्येकीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मधे कुठेही जोड नाही. दिव्यांची वाट निराळी. मशीनचा एमसीबी पडला आणि त्याबरोबर दिवेही गेले, तर फिरतं चक अंधारात थांबेपर्यंत माणसाचा हात कुठे असेल, सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट राखणदारांची. इथे लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते. एमसीबी हा वायरीचा राखणदार. मोटरच्या वाटेवर सी किंवा डी जातीचा घ्यावा, म्हणजे सुरुवातीच्या हिसक्याला तो विनाकारण पडत नाही. घरात दिव्यांना बी किंवा सी चालतो. मोटरचा राखणदार वेगळा, तो म्हणजे स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले. तो मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावायचा असतो, मनाला येईल तिथे नाही. थ्री फेजमधली एक फेज गेली, तर मोटर घुमत राहते आणि जळते. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर. आणि माणसाचा राखणदार आरसीसीबी. तीस मिलिअँपिअर प्रवाह वाट चुकला, की तो लाइन तोडतो. या तिघांतला एकही दुसऱ्याचं काम करत नाही. मुलाला हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे एमसीबी असूनही मला शॉक बसू शकतो?’ बसू शकतो, आणि एमसीबी ढिम्म हलणार नाही.

ते कसं, हे अर्थिंगवरून कळेल. आमच्या गावच्या नावातच खडक आहे. वरची वीतभर माती काढली की मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मे महिन्यात ही जमीन कोरडी ठणठणीत होते. त्या घराच्या जुन्या अर्थिंगला मीटर लावला, तर वीस ओहम. आता समजा, मशीनच्या आत एक तार सोलवटली आणि लोखंडाला टेकली. २३० व्होल्टला वीस ओहमनं भागा. साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. दहाचा एमसीबी एवढ्यानं चटकन पडत नाही, सोळाचा तर पडणारच नाही. मशीनच्या अंगात वीज तशीच उभी राहील आणि ओल्या हाताच्या माणसाची वाट बघेल. म्हणून दोन गोष्टी केल्या. आरसीसीबी लावला. आणि खडक फोडून अडीच मीटर खोल पाइपाचे दोन खड्डे घेतले, कोळसा-मीठ भरलं, वर पाणी घालायला नरसाळं ठेवलं. थ्री फेजच्या मशीनच्या अंगाला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र पट्ट्या हव्यात, असं १९५६ च्या विद्युत नियमांपासून आजच्या सुरक्षा विनियमांपर्यंत सांगितलं आहे. एक तुटली तर दुसरी असावी, एवढा साधा विचार. खड्डे खणायला दोन माणसं तीन दिवस लागली. मुलाला हा खर्च सगळ्यात जास्त टोचला, कारण तो मातीत पुरायचा होता.

शेवटची गोष्ट स्टार्टरची. कितीतरी शेडमध्ये लेथ नुसत्या खटक्यावर चालतो. वीज गेली, कारागीर चकमध्ये अडकलेला चुरा काढायला हात घालतो, आणि वीज येते. खटका चालूच असतो. पुढचं सांगायला नको. चांगल्या स्टार्टरमध्ये वीज जाताच कॉइल सुटते आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. भारनियमनाच्या वर्षांत दिवसातून आठ-दहा वेळा वीज जायची, तेव्हा किती बोटं यानं वाचली असतील. त्याच्या जोडीला हाताशी येईल असं लाल रंगाचं मोठं बटण ठेवावं, कारागीर उभा राहतो तिथून हात लांबवला की मिळेल असं. आणि दुरुस्तीला बसताना मेन बंद करून बोर्डाला कुलूप. आमचे जुने वायरमन किटकॅट काढून खिशात घालायचे, ती फार चांगली चाल होती. खिशातली किटकॅट दुसऱ्या कुणाला लावता येत नाही.

हे सगळं मी एकट्यानं ठरवलेलं नाही. परवानाधारक ठेकेदाराकडूनच असं काम करून घ्यावं आणि त्याचा चाचणी अहवाल घ्यावा, असा नियम आहे. श्रोत्यांनी हे भाषण ऐकून स्वतः बोर्ड उघडू नये, ही हात जोडून विनंती. काय मागायचं आणि काय नाकारायचं, एवढं कळावं म्हणून हे सांगितलं.

आषाढ लागायच्या आत लेथ सुरू झाला. वहिनींनी शेडमध्ये येऊन हळदकुंकू वाहिलं आणि लगेच घरात गेल्या. मला वाटलं, चहा ठेवायला गेल्या असतील. मुलानं हिरवं बटण दाबलं, लेथ फिरायला लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनी ओरडल्या, ‘पुन्हा लाव!’ त्यानं बंद करून पुन्हा लावला. असं तीनदा झालं. त्या दिव्याखाली उभ्या होत्या. मग म्हणाल्या, ‘नाही हलला.’

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपण सगळे मशीन पुसतो, झेंडूचा हार घालतो, पेढा ठेवतो. या वर्षी एक काम वाढवा. त्या दिवशी मशीन बंदच असतात, तेव्हा माहितगार वायरमनला बोलावून बोर्डातले स्क्रू आवळून घ्या, अर्थिंग मोजून घ्या, खड्ड्यात दोन घागरी पाणी घाला आणि आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून बघा. हे बटण तर दर महिन्याला तुम्ही स्वतः दाबू शकता. दाबलं आणि लाइन तुटली, तर तुमचा राखणदार जागा आहे. तुटली नाही, तर त्या दिवशी मशीन लावू नका.

आणि कुणी तुम्हाला सांगितलं, की फ्यूज उडणारच नाही असं करून देतो, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.